पोराच्या कपाळाला चार टाके, आणि शाळेनं 'बैठकीला' बोलावलंय. जाऊ का?

रंकाळाकाठ

नमस्कार. इथं रोज वाचते, लिहिते क्वचित. आज लिहितेय कारण तीन रात्री झोप नाही.

मुलगा सातवीत आहे. मागच्या मंगळवारी मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलानं स्टीलची पाण्याची बाटली फेकून मारली, कपाळ फुटलं, चार टाके. फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, गाडी कशी चालवत गेले आठवत नाही. शर्ट रक्तानं भरलेला. मी तिथंच म्हटलं, हा मुलगा परत वर्गात दिसला तर मी गप्प बसणार नाही. हेडसर म्हणाले, लेखी अर्ज द्या, त्याचा दाखला देऊन टाकतो.

रात्री अर्ज लिहायला बसले तर पोरगं रडायलाच लागलं. मग एकेक बाहेर आलं. त्या दिवशी धो धो पाऊस होता. हा आणि आणखी दोघं, तिघांनी मिळून त्या मुलाला खेळाच्या सामानाच्या खोलीत ढकललं आणि बाहेरनं कडी घातली. गंमत म्हणून. त्या खोलीवर पत्रा आहे. पाच-सात मिनिटं तो आतनं दार बडवत होता आणि ही पोरं बाहेर हसत होती. शिपाईमामांनी कडी काढली, तो बाहेर आला आणि हाताला आलं ते फेकलं.

तो मुलगा नदीकाठच्या गावचा. २०१९ च्या पुरात पहिलीत होता, आजोबांबरोबर माळ्यावर दोन रात्री काढल्यात, खाली घरात पाणी. हे माझ्या मुलाला माहीत होतं. त्यानंच कधीतरी डबा खाताना सांगितलं होतं.

अर्ज मी दिला नाही. शाळेत आठवड्यातनं दोनदा समुपदेशक बाई येतात, त्या म्हणतायत की दोन्ही मुलं, दोन्ही घरं आणि वर्गशिक्षिका असे गोल बसूया. काय झालं, कुणाला किती लागलं, आणि ते भरून कसं काढायचं एवढंच बोलायचं. नवरा म्हणतो टाके आपल्या पोराला पडलेत आणि आपणच जायचं? सासूबाई म्हणतात पोलिसात जा. कुणी गेलंय का असल्या बैठकीला? काही होतं का त्यानं, की नुसतं 'सॉरी म्हण, हात मिळव'?

पांढरारस्सा

आधी लेकराचं सांगा. डोळ्याला काही नाही ना? उलटी, गरगरणं, जास्त झोप असं काही वाटलं तर लगेच दाखवा. बैठक नंतर.

रंकाळाकाठ

भुवईच्या वर आहे, डोळा वाचला. डॉक्टरांनी दोनदा बघितलंय. आभार.

तालमीतला

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या पोराची चूक हायच, पण बाटली डोळ्यावर बसली असती म्हंजे? आमच्या येळेला सरांनी दोघांस्नी पण हाणलं असतं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एका डब्यात जेवलो असतो. विषय कट. एवढं गोल-बिल बसायला कशाला पाहिजे?

खडूफळा

@तालमीतला, मी बावीस वर्षं शिकवतेय. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम १७ नं मारायलाही बंदी आणि मानसिक छळालाही. आणि रंकाळाकाठ, दाखल्याचं म्हणाल तर कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतनं काढता येत नाही. मग काय करतात, पालकांनाच बोलवून 'आम्ही स्वखुशीनं दाखला मागतोय' असं लिहून घेतात. ही पळवाट मी डोळ्यानं बघितलीय. ज्याच्या घरी कायदा माहीत नाही तो मुकाट्यानं सही करतो.

मारण्याबद्दल एक सांगते, आजवर कुणाला बोलले नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा रोज पहिल्या तासाला झोपायचा. मी पट्टीनं हातावर मारायची. एकदा मारताना त्यानं हात मागे घेतला नाही, चेहऱ्यावर काहीच नाही, जणू हात दुसऱ्याचाच. तेव्हा मला वाटलं केवढा निगरगट्ट आहे. वर्षभरानं कळलं, बाप रोज रात्री पिऊन आईला मारायचा आणि हा पोरगा दाराला पाठ लावून जागा बसायचा. तो हात अजून डोळ्यासमोर येतो माझ्या. मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की बाळा, रात्री झोप का होत नाही?

मनोमन

खडूफळा, त्या चेहऱ्यावरचं 'काहीच नाही' हेच ओळखायला आम्हाला शिकवतात. मी मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते.

आपल्याकडे 'धसका' म्हणून फार चांगला शब्द आहे. धसका घेतलेल्या माणसाचं शरीर विचार करायला थांबत नाही. जुन्या संकटासारखा आवाज, वास, अंधार आला की मेंदूतली धोक्याची घंटा आधी वाजते आणि विचार करणारा भाग मागे पडतो. मग मूल लढतं, पळतं नाहीतर थिजतं. खडूफळांचा विद्यार्थी थिजला होता. बाटलीवाला मुलगा आधी पळायला बघत होता, दार बंद, मग कडी निघाल्यावर लढला. पत्र्यावरचा पाऊस आणि बंद दार, त्याच्यासाठी ती खोली त्या वेळी शाळेतली नव्हतीच.

म्हणून चूक माफ असं नाही हं. बाटली त्यानंच मारली आणि त्याची जबाबदारी त्यानंच घ्यायची आहे. पण प्रश्न बदलतो. 'ह्या पोराचं डोकं फिरलंय का' असं विचारलं की दाखला हातात द्यावासा वाटतो. 'ह्याच्यावर काय बेतलंय' असं विचारलं की दुसरी दारं दिसतात. १९९८ मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांचा लहानपणच्या आघातांवरचा मोठा अभ्यास आला, पुढची फेरी धरून सतरा हजारांवर माणसं होती त्यात. घरातला मार, व्यसन, दुर्लक्ष असलं जितकं जास्त वाट्याला आलं तितके मोठेपणी शरीराचे आजारसुद्धा जास्त निघाले. तेव्हापासून शाळांनी याचा विचार करावा हे जोर धरायला लागलं.

शिरोळची

पुराचं वाचलं आणि अंगावर काटा आला. २००५ पाहिला, २०१९ पाहिला, २०२१ पाहिला. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट पाणी म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. माझी मुलगी आता कॉलेजला आहे, अजून जुलै लागला की कपडे, पुस्तकं, दाखले सगळं पिशवीत भरून कॉटवर ठेवते. कुणी सांगत नाही तिला. पंचनामा झाला, घराची भरपाई आली, भिंती रंगवल्या. पोरांचा पंचनामा कोण करणार?

ताई, त्या मुलाच्या आईला तुम्ही आधी एक फोन करा. बैठकीला जायचं की नाही ते राहू दे.

उद्यमनगरी

मी विरोधात लिहिणार आहे, कारण आमच्यावर बेतलंय.

माझ्या मुलाला वर्षभर चार पोरं त्रास देत होती. डबा सांडायचा, चष्मा लपवायचा, बोबडा बोलतो म्हणून नक्कल. शाळेनं अशीच एक बैठक घेतली. आधी आमच्याशी कुणी बोललं नाही, थेट एका खोलीत त्या चौघांसमोर माझ्या पोराला बसवलं आणि म्हणाले, सांग तुला काय वाटतं. तो बिचारा सगळं खरं खरं बोलला, रात्री अंथरूण ओलं होतं हेही बोलला. चौघांनी सॉरी म्हटलं, सरांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्या तासात आटोपलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गात अंथरुणावरनं चिडवणं सुरू. शेवटी शाळा आम्हीच बदलली.

तेव्हा रंकाळाकाठ, नीट विचार करा. ज्याला लागलंय त्यालाच पुन्हा उघडं पाडणार असतील तर त्यापेक्षा शिक्षा परवडली.

मनोमन

@उद्यमनगरी, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या मुलाच्या बाबतीत जे झालं ते चुकीचंच होतं आणि ते नाकारून कुणालाही ह्या पद्धतीची बाजू घेता येणार नाही.

तयारी हाच यातला मोठा भाग असतो. प्रत्येकाशी आधी वेगवेगळं बोलायचं, एकदा नाही, लागेल तितकं. ज्यानं इजा केली तो 'हो, मी केलं' म्हणत नसेल तर बैठक घ्यायचीच नाही. ज्याला लागलंय त्याची इच्छा नसेल तर नाही, आणि ऐनवेळी नको म्हणाला तरी नाही. त्याच्या बाजूला त्याचं हक्काचं माणूस. काय बोलायचं, काय झाकून ठेवायचं हे त्यानं आधी ठरवायचं. सॉरी म्हणायला लावायचं नाही, माफ करायला तर मुळीच नाही. आणि दोन-तीन आठवड्यांनी परत बसून बघायचं की ठरलेलं पाळलं का. एकाच्या मागे चौघं वर्षभर लागले असतील तर बहुतेक वेळा समोरासमोर बसवूच नये.

तालमीतला

@उद्यमनगरी दादा, पोरगं बरं हाय का आता?

उद्यमनगरी

हो. नववीत आहे. तबला वाजवतो. विचारल्याबद्दल आभार.

भवानीमंडप

ह्याला मराठीत 'पुनर्स्थापनात्मक न्याय' म्हणतात असं वाचलं. शब्द म्हणून होईपर्यंत मधली सुट्टी संपेल ओ. साधं 'भरून काढणं' म्हणूया का?

राजारामपुरी_ते_ऑकलंड

भवानीमंडप, 'भरून काढणं' आवडला.

न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्यानं अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबाची बैठक हा मुख्य रस्ता केला. तिथल्या मूळच्या माओरी लोकांचं म्हणणं होतं की आमची पोरं उचलून कोर्टात आणि सुधारगृहात नेता, घराला विचारतसुद्धा नाही. आता मुलगा, त्याचे काका-मामा-आजी, ज्याचं नुकसान झालं तो माणूस आणि पोलिस असे एकत्र बसतात. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं शेजारच्या म्हाताऱ्यांच्या गाडीची काच फोडली होती, त्याची अशीच बैठक झाली. तो उन्हाळाभर शनिवारी त्यांच्या बागेत काम करायचा. नंतर काम संपलं तरी जात होता, म्हाताऱ्यांना बुद्धिबळाला जोडीदार हवा होता.

त्याच्याही आधी १९७४ मध्ये कॅनडात एल्मायरा गावात दोन पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. त्यांना प्रत्येकाच्या दारात नेऊन माणसांशी बोलायला लावलं, नुकसान भरून द्यायला लावलं. अलीकडच्या ह्या सगळ्या कामाची सुरुवात लोक तिथनं धरतात.

सम्यक

सगळं वाचलं. मला एक गोष्ट टोचतेय ती लिहितो.

गावात 'मिटवून घ्या' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय, आणि ते नेहमी आमच्याच वस्तीला ऐकवलं जायचं. २००७ च्या १५ ऑगस्टला तंटामुक्त गाव मोहीम आली, हेतू चांगला होता, कित्येक बांधाची भांडणं मिटली पण. पण समितीत बसलेले कोण आणि समोर हात जोडून उभा कोण, ह्यावर सगळं ठरतं. गोल बसलं म्हणून सगळे सारखे होत नाहीत. इथं एक घर शहरातलं, आईवडील नोकरीवाले. दुसरं पुरातनं उठून आलेलं. त्या मुलाचे वडील बैठकीत तोंड उघडतील का? की 'चुकलं साहेब' म्हणून माना घालतील, पोरगं शाळेत राहावं म्हणून? हे बघायला कुणीतरी तिथं पाहिजे.

आणि हो, भरून काढणं म्हणजे काय हे कोल्हापूरला ऑकलंडनं शिकवायची गरज नाही. गंगाराम कांबळे आठवा.

पांढरारस्सा

सम्यक, सविस्तर लिहा ना. नव्या पोरांना माहीत नसेल.

सम्यक

गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला. सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं. महाराजांनी नुसती विचारपूस करून सोडलं नाही, त्यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं, भाऊसिंगजी रोडवर, 'सत्यसुधारक' नावाचं. लोक तिथं चहा प्यायला येईनात. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे, प्यायचे, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. ज्या गावानं पाण्याला शिवू दिलं नाही त्या गावाला त्याच माणसाच्या हातचा चहा.

खडूफळा

ही गोष्ट मी वर्गात सांगते, पण अर्धी सांगू नये. मारणाऱ्यांना महाराजांनी चाबकाचे फटके दिले असंही सांगतात. तेवढंच झालं असतं तर गंगारामांचं आयुष्य होतं तिथंच राहिलं असतं. मला कायम चहाच लक्षात राहतो.

सम्यक

मान्य. पण फटक्यांशिवाय चहापर्यंत गोष्ट पोचली असती का, याचं उत्तर माझ्याकडे तरी 'नाही' आहे. आधी सत्ता कुणाच्या बाजूनं उभी आहे हे दिसावं लागतं.

आकडेमोड

जरा थंड पाणी ओततो, हेतू वाईट नाही. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये ४४ शाळांत दोन वर्षं हे नीट तपासलं, निम्म्या शाळांत राबवून निम्म्यांत न राबवता. २०१८ ला रँड ह्या तिथल्या संशोधन संस्थेचा अहवाल आला. निलंबनं कमी झाली, शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारल्यासारखं वाटलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे मार्क घसरले आणि पोलिसांच्या अटका काही कमी झाल्या नाहीत. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ४० शाळांचा अभ्यास लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, तिथं तीन वर्षांनी दादागिरी कमी झाली, थोडीशीच पण झाली, मुलांचं मनस्वास्थ्यही जरा सुधारलं. म्हणजे चालतं, पण जादूची कांडी नाही, वेळ खातं. आपल्याकडे साठ पोरांच्या वर्गात कोण देणार तो वेळ?

खडूफळा

आकडेमोड, वेळ नाही हे खरंच आहे. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी. तरी सांगते. जून २०२३ मध्ये मोबाईल स्टेटसवरनं आपलं कोल्हापूर पेटलं, दगडफेक, इंटरनेट बंद, आठवत असेल. आठवडाभरानं शाळा सुरू झाली. पाचवीपासून एका बाकावर बसणाऱ्या माझ्या वर्गातल्या दोन मुली, एक फातिमासारखी, एक दुर्गासारखी समजा, त्या दिवशी वर्गाच्या दोन टोकांना. मी गणित बाजूला ठेवलं. सगळ्यांना गोल बसवलं, हातात डस्टर दिला, ज्याच्या हातात डस्टर तोच बोलणार, नको असेल तर पुढे द्यायचा. प्रश्न एकच, त्या दिवशी तुम्ही कुठं होता आणि काय ऐकू येत होतं? कोण चूक कोण बरोबर हे काढायचं नाही. एकानं सांगितलं, शटर पडल्याचा आवाज. एक म्हणाली, अब्बा घरी येईपर्यंत आई दिवा लावत नव्हती. दुसरीनं सांगितलं, माझी पण आई. पस्तीस मिनिटं गेली. त्या दोघी लगेच एका बाकावर आल्या नाहीत, गणपतीच्या सुट्टीनंतर आल्या. पण आल्या.

कायद्याचं_बोला

सासूबाईंच्या पोलिसांबद्दल. मूल अठराच्या आतलं, गुन्हा साधा, तर बाल न्यायाच्या नियमांप्रमाणे एफआयआर होत नाही, डायरीत नोंद आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे. तिथं एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यात एक तरी बाई. २०१५ च्या कायद्याप्रमाणे मंडळसुद्धा समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा असलेच आदेश देऊ शकतं. आणि पोलिसात गेलात तर कोंडून ठेवल्याचीही नोंद होणारच.

एक मात्र सगळ्यांनी डोक्यात पक्कं ठेवा. लैंगिक प्रकार असेल तर बैठक, समेट, 'शाळेचं नाव खराब होईल' काही चालत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याखाली कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. भरून काढण्याच्या नावाखाली तसलं काही दाबलं गेलं तर ते पाप आहे.

मनोमन

+१०००. ही रेघ ओलांडायचीच नाही.

तालमीतला

अवांतर हाय पण सांगतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच संपली की दोन तालमींची पोरं एकमेकांवर धावून जायची. मी पण त्यातलाच, अठरा वर्षांचा होतो. एकदा आमच्यातल्या एकानं समोरच्या पोराचा हात मोडला. आमच्या वस्तादांनी आम्हाला न सांगता त्याच्या घरी नेलं. त्याची आई भाकरी करत होती. काही बोलली न्हाई, फक्त म्हणाली, ह्याच हातानं तो सकाळी दूध घालायला जातो, आता मी जाते. पुढं सव्वा महिना आम्ही चौघं पाळीनं पाचला उठून दूध घालायला. कधी कुणी त्याला न्याय-बिय म्हटलं न्हाई. वर मी म्हटलं ना हाणलं असतं आणि विषय कट, ते मागं घेतो. सरांनी हाणलेलं मला एक पण आठवत न्हाई. दुधाची किटली आठवते.

शिरोळची

तालमीतला, डोळ्यात पाणी आलं.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवले. उद्यमनगरींचा दोनदा.

शिरोळची, तुमचं ऐकून फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, टाके किती पडले? मग म्हणाल्या, दवाखान्याचे पैसे हप्त्यानं दिले तर चालतील का. मला बोलवेना. सम्यक, तुम्ही लिहिलेलं तेव्हा तंतोतंत कळलं.

बैठक काल झाली. बाईंनी आधी चार दिवस सगळ्यांशी वेगळं बोलून घेतलं, माझ्या मुलाशी तीनदा. मी दोन गोष्टी आधीच मागून घेतल्या, पैशाचा विषय निघणार नाही आणि दाखल्याची भाषा हेडसर मागे घेतील. घेतली, लेखी. त्या मुलाचे आजोबाही आले होते. खोलीचं दार उघडं ठेवलं आणि त्याला दाराजवळची खुर्ची दिली.

माझ्या मुलानं जे केलं ते स्वतः सांगितलं, खाली बघून, पण सांगितलं. तो मुलगा म्हणाला, मला वाटलं पाणी येतंय. एवढंच. आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग माझा म्हणाला, मला आता मागनं कुणी पळत आलं की डोकं धरावंसं वाटतं. तर त्या मुलानं विचारलं, दुखतंय अजून? नवरा माझ्या शेजारी बसून रडत होता, लग्नाला पंधरा वर्षं झाली, मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

ठरलं ते असं. सामानाच्या खोलीची बाहेरची कडी काढून टाकायची, ती माझ्या मुलानं आणि त्या दोघांनी शिपाईमामांबरोबर पाना घेऊन काढायची. पाऊस वाढला आणि त्या मुलाला नको वाटलं तर त्यानं न विचारता ग्रंथालयात जाऊन बसायचं. तो टाके निघेपर्यंत माझ्या मुलाचं दप्तर जिन्यावरनं वर नेणार, हे त्यानंच सुचवलं. सॉरी कुणी म्हणायला लावलं नाही. मैत्री झाली असं काही नाही. दोन आठवड्यांनी परत बसायचंय.

सासूबाई अजून घुश्श्यात आहेत. पण आज पाऊस लागल्यावर म्हणाल्या, त्या पोराच्या गावात पाणी कितीवर आहे बघ गं मोबाईलवर.

उद्यमनगरी

परत बसाल तेव्हा आधी मुलाला विचारा वर्गात कुणी काही बोललं का. नक्की विचारा.

रंकाळाकाठ

विचारते रोज. आजपर्यंत नाही.

शिरोळची

बंधाऱ्याला दुपारी ३१ फूट होतं. उतरतंय. सांगा त्यांना.